गव्हाचा मान

माझ्या पोरीचं पोट अन्न धरत नाही, हे केदारखेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. उपायही सगळ्यांना ठाऊक होता: गहू. आमच्याकडं रोज ज्वारीची भाकरी. गव्हाची पोळी सणाला, पाहुण्याला नि आजाऱ्याला. चार वर्षांच्या आजारी पोरीला भाकरी दिली असती तर घराण्याची अब्रूच गेली असती. सासूबाई म्हणायच्या, "लेकराला भाकरी घालती का? लोक तोंडावर थुंकतील." म्हणून दुधात पोळी, चहात बिस्कीट. पोरगी वाळत गेली, पोट तेवढं घागरीएवढं. भेटायला येणारा प्रत्येक शहाणा बिस्किटाचा पुडा घेऊनच यायचा.

मग ती दिवेलागणीला अडखळू लागली. उंबरा दिसेना, पुढ्यातलं ताट चाचपायची. सासूबाईंचं निदान तयार होतं, "ढोंग करून राह्यली." भोकरदनच्या डॉक्टरांचं त्याहून थोर. भर दुपारी खिडकीपाशी बसवून त्यांनी तिला चित्रं दाखवली. तिनं ती धडाधड ओळखली. "नजर बिलकुल बराबर हाय," म्हणत त्यांनी टॉनिक लिहून दिलं. संध्याकाळी दिसत नाही, असं मी घसा फोडून सांगितलं होतं. पण संध्याकाळी दवाखाना बंद असतो, त्याला ते बिचारे काय करणार!

टॉनिकच्या बाटल्या संपल्या, अंधार तसाच. पोर आंधळी होणार या धास्तीनं मी तिला उचलून जालन्याला, लेकरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शी कशी होते?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, शिकलेल्यांना घाण वाटते ना. मी सांगितलं, ढीगभर, तेलकट, पाणी ओतलं तरी हटत नाही.

"तेल-तूप पचत न्हाई हिला," ते म्हणाले. "डोळ्याचं जीवनसत्त्व त्याच्यासोबतच वाहून जातं. बाटलीतलं सुद्धा."

रक्त तपासलं. औरंगाबादला आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला. तिचं आतडं खराब करणारा निघाला आमचा मानाचा गहू. जीवनसत्त्व सुईनं दिलं, पोळी-बिस्कीट बंद झालं, भाकरी सुरू झाली.

काही महिन्यांत पोरीनं अंग धरलं. एकदा दिवेलागणीला सासूबाई ओसरीवर शेजारणीला सांगत होत्या, "पहिल्यापासून गहू खाल्लेला हाय, म्हणून वाचली बाई." मी ओसरीच्या कडेच्या चुलीपाशी भाकरीचं पीठ मळत होते. अजून ना चूल पेटवली होती, ना दिवा लावला होता.

अंगणाच्या त्या टोकावरून पोरगी ओरडली, "आई, तू तोंड वाकडं का करून राह्यलीस गं?"