भवानीचा हात

एदेल्मिरा चाफ्लोकेला आयुष्यभर दोन गोष्टींची किळस होती: शिळं अन्न आणि हिशेबी माणसं. एकाहत्तराव्या वर्षी दोन्ही एकदमच तिच्या घरात राहायला आली.

हिशेबी माणूस म्हणजे तिची थोरली मुलगी नोएमी. नवऱ्याशी फाटल्यावर ती लिमाहून चिक्लायोला आईकडे परत आली, आणि येताना शवपेटीएवढा आडवा फ्रीझर घेऊन आली. तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून न्हाणीघराकडच्या बोळात बसवला. न्हाणीघरात जायचं तर त्याला पोट घासत जावं लागे. महिनाभरात नोएमीने आईच्या बाजाराचा पाढा वाचला.

"आई, तू रोज बाजारात जातेस. रोज दोन कांदे, एक बांगडा, मूठभर कोथिंबीर. येताना रोज रिक्षा. घाऊक बाजारातून रविवारी आठवड्याचं एकदम आणलं तर महिन्याला दीडशे सोल वाचतात."

"वाचवून काय घालायचेत? माझ्या शवपेटीत?"

"छपरावर घालायचेत. मागच्या पावसात तुझी गादी अंगणात तरंगत होती, ते विसरलीस वाटतं."

छपराचं खरंच होतं. खऱ्यापुढे एदेल्मिराला कधीच बोलता येत नसे, आणि म्हणून तिला खऱ्याचाही राग यायचा. ती "कर तुला काय करायचं ते" म्हणाली आणि फसली.

दर रविवारी घरात आठ कोंबड्या, मासळीची टोपली आणि भाज्यांचं पोतं येऊ लागलं. नोएमी सगळ्याचे तुकडे करून पिशव्यांत भरी आणि पिशव्यांवर वार लिही. मंगळवारपर्यंत ठीक. बुधवारी कोथिंबिरीचा काळा चिखल होई. गुरुवारची मासळी बर्फातून निघून ताटलीत गुलाबी पाणी सोडी आणि भांडी पुसायच्या फडक्यासारखी लोळत पडे. बोट लावलं की खड्डा पडायचा, तो तसाच राहायचा. कोंबडीला माशाचा वास, माशाला भोपळ्याचा, आणि सगळ्यावर मिळून प्लास्टिकचा. शनिवारी एदेल्मिरा नाकाला एप्रन लावून फोडणी घालायची.

"खा, आई. वास मनाचा आहे," नोएमी म्हणायची.

"मन काय बोळात ठेवलंय माझं?"

आता जरा मागचं सांगायला हवं. एदेल्मिराचा नवरा कास्तुलो साखर कारखान्याचा ट्रक चालवायचा. तो रस्त्यात गेला तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती, पदरात दोन मुली, हातात शिवणयंत्र. मयताच्या आठव्या दिवशी पहाटे ती बाजारात गेली. फेलिसिता नावाच्या नव्याच मासळीवालीकडून तिने सर्वांत लहान बांगडा घेतला. घासाघीस केली नाही, कारण तोंडातून शब्दच फुटत नव्हता. फेलिसिताची ती भवानी होती. तिने ते नाणं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना लावून क्रूस केला, चुंबलं आणि खिशात टाकलं. नऊ वाजता तिच्या ओट्यावर एक खवला उरला नव्हता.

झालं. एदेल्मिराचा हात चांगला ठरला. त्यानंतर अडतीस वर्षं फेलिसिताने तिच्याआधी कोणाला मासळी विकली नाही. गिऱ्हाईक कुरकुरत उभं राही, फेलिसिता सुरी पुसत म्हणे, "माझी कासेरा यायची आहे." कासेरा म्हणजे कायमचं गिऱ्हाईक आणि कायमची विकणारीही. तिथल्या बाजारात दोघी एकमेकींना त्याच नावाने हाक मारतात. आणि रोज, मापाच्या वर, पिशवीत दोन डोकी न् एक शेपूट फुकट पडे. एदेल्मिराच्या दोन्ही मुली त्या डोक्यांच्या रश्शावर वाढल्या. नोएमीसुद्धा.

बाजार म्हणजे काही देऊळ नव्हतं. ओट्याखालच्या गटारात आतडी तुंबलेली, वर घोंघावणाऱ्या निळ्या माशांचा थर, कुत्री रक्ताचं पाणी चाटायची. फेलिसिताचा अंगठा काट्यावर सहज टेकायचा. एदेल्मिराला सगळं दिसे. पण तो अंगठा ओळखीचा होता.

तिने एकच चूक केली, पण तिथल्या माणसाने करू नये अशी. फ्रीझर सुरू झाल्यावर ती बाजारात गेली नाही आणि निरोपही दिला नाही. काय सांगणार? मुलीने बंद केलं? भवानीच्या बाईने न सांगता यायचं थांबणं म्हणजे काय, हे तिला पुरेपूर माहीत होतं. तरी ती सात आठवडे गप्प बसली.

मग कास्तुलोच्या पुण्यतिथीची प्रार्थना आली, शनिवारी. मोन्सेफूहून त्याच्या बहिणी जेवायला येणार. त्या दिवशी पानात सेविचे हवंच, म्हणजे लिंबात मुरवलेली कच्ची मासळी.

"गुरुवारच्या पिशवीत कुपा मासा आहे," नोएमी म्हणाली.

"बर्फातलं मढं लिंबात बुडवून मेलेल्या माणसाच्या नावाने वाढू? तुझा बाप उठून बसेल."

शनिवारी सकाळी साडेसहाला ती ओट्यापुढे उभी राहिली. ओटा ताज्या मासळीने भरलेला होता, डोळे स्वच्छ, कल्ले लालभडक. सात आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

"तीन किलो बांगडा दे गं, कासेरा."

फेलिसिताने वर पाहिलं. "थांबावं लागेल, सेन्योरा. भवानी व्हायची आहे."

सेन्योरा. अडतीस वर्षांत हा परक्या बाईला लावायचा शब्द तिने एदेल्मिरासाठी वापरला नव्हता.

"अगं मग मी आलेय की."

"तुम्ही आलात ते दिसलं. नव्हता आलात तेव्हाही दिसत होतं." फेलिसिता कल्ला उपटत, शांतपणे बोलत होती. "पहिल्या दिवशी मी आठपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी नऊपर्यंत. म्हटलं, आजारी असेल. तिसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितलं, घाऊक बाजारात दिसली, मुलीबरोबर, पोतं घेऊन. तीन दिवसांचा कुपा मी गटारात ओतला."

"मला कळवायला हवं होतं."

"कळवायला तोंड लागतं."

पलीकडची लिंबूवाली हसली. एदेल्मिराला स्वतःचीच शिसारी आली, आणि तशी आली की ती दुसऱ्या कोणाची तरी शोधायची. ती लगेच सापडली. विल्मेर नावाचा एक जाडा माणूस घाम पुसत आला. कोपऱ्यावरचं सेविचेचं हॉटेल त्याचं. रोजचे बारा किलो. त्याने प्रत्येक माशाच्या पोटात बोट खुपसून पाहिलं, तेच बोट विजारीला पुसलं, आणि मोबाईल काढून पैसे पाठवले. फेलिसिताच्या फोनवर टिंग वाजलं. तिने तो खवल्यांनी बरबटलेला फोन कपाळाला लावला, छातीला लावला, दोन्ही खांद्यांना लावला आणि काचेचा मुका घेतला.

एदेल्मिराने नाक मुरडलं. "आता देवसुद्धा टिंग वाजवून घेतो का?"

"बारा किलोंना वाजवतो," फेलिसिता म्हणाली. "तुमचं काय होतं? तीन?"

तिने तोलले, अंगठ्यासकट. एदेल्मिराने पिशवी उघडी धरली आणि धरूनच राहिली.

"डोकी?"

"डोक्यांचे दोन सोल."

अडतीस वर्षांत डोक्यांना किंमत असते हे तिने ऐकलं नव्हतं. पिशवी तिथेच उलटी करून निघून जावं, असं मनात आलं. पण मोन्सेफूच्या नणंदा बसमध्ये बसल्या होत्या. तिने मासळीचे पैसे आणि वर दोन सोल ओट्यावरच्या ओल्या जागेत ठेवले, हातात दिले नाहीत. फेलिसिताने ते उचलून खिशात टाकले. नुसते टाकले.

सेविचे उत्तम झालं. नणंदांनी दोनदा घेतलं. नोएमीने तीनदा घेतलं, आणि मग विचारलं, "केवढ्याला पडलं?" एदेल्मिरा ताट घेऊन उठली.

रविवारी रीतसर पोतं आलं. सोमवारी पहाटे नोएमी उठायच्या आत एदेल्मिरा चालत बाजारात गेली. रिक्षा मुद्दाम केली नाही, म्हणजे कोणाला मोजायला काही उरू नये. आपण का निघालो, हे तिने स्वतःला विचारलं नाही. दोन दिवस मात्र तिच्या डोळ्यांपुढून ते नुसतंच खिशात गेलेलं नाणं हलत नव्हतं.

सोमवारी बाजार अर्धा झोपलेला असतो. रविवारी होड्या समुद्रात जात नाहीत, त्यामुळे ओट्यावर असते ती शनिवारची मासळी. सेविचेची हॉटेलं सोमवारी बंद. फेलिसिता एकटी बसली होती, पाच-सहा बांगडे समोर घेऊन, टोपलीच्या झाकणाने माशा हाकत. जाडा नव्हता. येणारही नव्हता.

एदेल्मिरा जवळ गेली. बांगड्यांचे डोळे दुधाळ झाले होते. वास तिने पाच पावलांवरूनच ओळखला. बोळातला तो नव्हे, पण त्याच्याच घराण्यातला.

"जाड्या झोपलाय वाटतं," ती म्हणाली.

"सोमवारी त्याला देव लागत नाही."

"आणि तुला?"

"मला रोज लागतो. सातही वार माझा ओटा उघडा असतो." फेलिसिताने झाकण खाली ठेवलं. "सात वाजत आले. दोघी विचारून गेल्या. मी दिलं नाही."

"कोणासाठी थांबलीस?"

"कोणासाठी नाही. त्या दोघींचे हात मला पसंत नव्हते."

एदेल्मिराने सर्वांत लहान बांगडा उचलला. हाताला तो मऊ लागला, नको तितका मऊ. आपल्या घरात हा कोणी खाणार नाही, आपणही नाही, हे तिला ठाऊक होतं. कल्ला उघडून पाहिला तर आत विटकरी.

"हा द्यायच्या लायकीचा नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. घेऊ नका."

"तोल."

फेलिसिताने तोलला. एदेल्मिराने नाणं या वेळी तिच्या तळहातावर ठेवलं. फेलिसिताने ते क्षणभर मुठीत धरलं, मग कपाळाला, छातीला, डाव्या खांद्याला, उजव्या खांद्याला लावलं, चुंबलं आणि खिशात सोडलं. पिशवीत दोन डोकी टाकली. तीही शनिवारचीच.

"मंगळवार ते रविवार तो आहे हं, कासेरा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "बारा किलो सोडवत नाहीत मला."

"आठवड्यातून एकदाच, म्हणजे."

"एकदाच."

"माझी मुलगी खूश होईल," एदेल्मिरा म्हणाली. तिने पिशवी नाकापासून लांब धरली आणि घराकडे निघाली.