रिसीव्हरच्या ताब्यातल्या म्हशी

लोकांना वाटतं, वकिलाकडे किस्से कोर्टात जमतात. माझ्याकडचे बहुतेक जमले ते सरांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर. मला सनद मिळून सहा महिने झाले होते आणि सरांची वकिली बत्तीस वर्षांची होती. हे ते दिवसातून दोनदा सांगायचे!

त्यातले हे दूध कंपनीचे. कंपनी दोन भावांची, शाहूपुरीत दुकान, मागे गोठा. थोरले आण्णा आणि धाकटा शंकर दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी कोर्टानं सरांना रिसीव्हर नेमलं. म्हणजे भांडण मिटेपर्यंत सगळी मालमत्ता कोर्टाच्या वतीनं सर सांभाळणार आणि दोन्ही भावांनी फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

*

पहिल्याच दिवशी सरांनी दुकानाला सील लावलं आणि लाख-मेणबत्ती घेऊन गोठ्याकडे निघाले.

"सर, आत बावीस म्हशी आहेत."

"ऑर्डरमध्ये सर्व जागा सील करा असं आहे."

"मग संध्याकाळची धार कोण काढणार? जज्जसाहेब?"

सरांनी मेणबत्ती विझवली, धारेला गवळी ठेवला आणि फाटकाला नुसतं कुलूप लावलं. त्या दिवशी सरांची स्कूटर माझ्यासाठी थांबली नाही, मी चालत घरी गेले.

*

मग मालाची यादी. सरांना प्रत्येक वस्तूची ओळखखूण लागायची. मी लिहीत होते : म्हैस एक, रंग काळा. म्हैस एक, रंग काळा. दहाव्या म्हशीला मी म्हटलं, रंग वर एकदाच लिहू या. सर म्हणाले, तुमच्या पिढीला घाईच फार. पंच म्हणून समोरचा पानपट्टीवाला बोलावला होता, त्याला मात्र राहवलं नाही.

"सायेब, म्हशीला दुसरा रंग असतोय व्हय?"

बावीस वेळा लिहिलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर यादीबाहेर एक पारडू! रात्रीत एक म्हैस व्याली होती आणि सह्या झालेली यादी चुकीची ठरली होती. सर त्या पारडाकडे असे बघत होते, जणू त्यानंच कोर्टाचा अवमान केलाय. दुपारपर्यंत दोन्ही भावांचे, दोन वेगळ्या कागदांवर, पारडावर हक्क सांगणारे अर्ज आले.

*

आणि मग चंद्री. गोठ्यातली सगळ्यात दुधाळ म्हैस. तिची धार कायम शंकरनंच काढलेली, त्यामुळे दुसऱ्याच्या हाताला ती पान्हा सोडेना. गवळ्यानं सरकी चारली, गूळ चारला, गोंजारलं. शनिवारी कास तटतटली आणि ती कुणाला जवळ येऊ देईना.

शंकर फाटकाचे गज धरून बाहेर उभा होता. "वकीलबाई, आज धार न्हाय निघाली तर कास दगडागत हुईल. म्हस कामातनं गेली मग."

सर म्हणाले, सोमवारी कोर्टाची परवानगी मागू. माझं डोकं फिरलं.

"सर, शंकरनं आत यायचं नाही, अशी ऑर्डर आहे. चंद्रीनं बाहेर जायचं नाही, असं कुठं लिहिलंय?"

सरांनी ऑर्डर तीनदा वाचली. मग स्वतः उठून कुलूप काढलं.

भर रस्त्यात चंद्री उभी. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर काळ्या कोटात सर, पंचनामा सांगायला. शंकर उकिडवा बसला, कासेवरून पाण्याचा हात फिरवला आणि बादलीत पहिली धार वाजली. माझा जीव भांड्यात पडला. बघता बघता धारोष्ण दुधाची नेहमीची गिऱ्हाइकं पेले घेऊन जमली.

तेवढ्यात हरकत घ्यायला आण्णा लूनावरून आले. हॉर्न ऐकून चंद्री बिथरली, तिनं पाय उचलला. आण्णांनी लूना तशीच टाकली आणि धावत येऊन दावं पकडलं.

"आखूड धर," शंकर मान वर न करता म्हणाला.

"मला शिकीव आता," आण्णा म्हणाले. आणि आखूड धरलं.

मी पेन सरसावलं. ज्यांना मालमत्तेपासून लांब ठेवायचं, ते दोघेही तिला धरून होते. "सर, काय लिहू?"

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"लिही. म्हैस एक, रंग काळा."