गार केलेल्या पोळ्या

१६ फेब्रुवारी, दुपारी एक वाजून वीस मिनिटे. टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या सातव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये एक जुना कृष्णधवल अमेरिकन चित्रपट संपत आला होता. गिरणीत काम करणारी मुलगी उसन्या कपड्यांत मालकाच्या घरापर्यंत पोचते, त्याच्या मुलाशी तिचं लग्न ठरतं, आणि मेजवानीच्या दिवशी दारात आलेल्या स्वतःच्या बापाला ती ओळख दाखवत नाही.

चित्रपट माझ्या मित्राने निवडला होता. तो तोयोसुला सॉफ्टवेअरमध्ये, मी ओसाकाला पोस्टडॉक. आम्ही लग्न करणार होतो, आणि पुण्याहून आलेली त्याची आई त्या दिवशी मला पाहून हो किंवा नाही म्हणणार होती. तिचा शब्द तो मोडणार नाही, हे मी गृहीत धरलं होतं. जे गृहीत धरलं नव्हतं ते सकाळी स्टेशनवरून येताना कळलं: माझी आई ‘फूड इंडस्ट्रीत’ आहे, असं त्याने घरी सांगितलं होतं.

“आजचा दिवस जाऊ दे,” तो म्हणाला होता. “मग सांगू सावकाश.”

“बापाला ओळख दाखवली असती तर काय बिघडलं असतं हिचं?” काकू टीव्हीकडे पाहत म्हणाल्या.

“आई, मग पिक्चर अर्ध्या तासात संपला असता.”

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

“चला, जेवायच्या आधी पोळ्या करू. शास्त्रज्ञांना येतात ना?”

कणीक मळलेली होती. पहिला गोळा मी ओट्यावरच्या काट्यावर ठेवून पाहिला: चौतीस ग्रॅम.

“लॅबमधली खोड!” काकूंना मौज वाटली.

पुढचे गोळे हाताच्या अंदाजाने तोडले. तव्यावरून उतरलेली प्रत्येक पोळी मी पंच्यावर, आधीचीपासून जराशी सरकवून, पसरत गेले.

“अगं, डब्यात ठेव की. गरम राहतील.”

“वाफ कोंडते, काकू. खालच्या ओल्या होतात.”

खाणारी माणसं तीन, आणि तीही लगेच बसणार होती. पोळ्या गार करायचं काहीच कारण नव्हतं. काकूंनी पंच्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे.

“आमच्या पोळीवाल्या बाई अशाच पसरतात. ऑर्डरच्या असल्या की.”

“आई, म्हटलं नव्हतं का,” तो घाईने म्हणाला, “तिच्या आईचं मोठं युनिट आहे.”

युनिट हा शब्द मलाही नवा होता.

“युनिट नाही, काकू. घरात दोन शेगड्या आहेत. आई पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. पीएचडीला लागेपर्यंत रोज सकाळी मीही तिच्याबरोबर लाटायचे.”

“ती उगाच कमी करून सांगते गं,” तो म्हणाला. माझ्याकडे न पाहता.

काकूंनी लाटण्यासाठी हात पुढे केला. “तू बस जाऊन,” त्या म्हणाल्या. “उरलेल्या मी करते.”

त्यात माया होती की नकार, हे ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि त्याची गरजही उरली नव्हती. सकाळपासून मी चुकीच्या माणसाच्या उत्तराची वाट पाहत होते.

“नको, काकू. हाती घेतलंय ते पुरं करते.” मग त्याला म्हणाले, “साखरपुड्याचं राहू दे. मी संध्याकाळच्या शिनकानसेनने ओसाकाला परत जाते.”

“एवढ्यावरून?”

“एवढ्यावरूनच.”

परातीत एका पोळीहून थोडी जास्त कणीक उरली होती. हाताचा अंदाज या वेळी चुकणार अशी माझी खात्री होती, म्हणून शेवटचा गोळाही काट्यावर ठेवला.

चौतीस ग्रॅम.