मास्तरांनी शिवलेला नकाशा

आमचे हे शिंपी. तेही कोटाचे. गल्लीत सगळे त्यांना मास्तर म्हणतात, मी रागावले की मीही म्हणते. समोर कुणीही आलं की हे आधी त्याच्या खांद्यांकडे बघणार, मग तोंडाकडे. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांचा कोट डावीकडे लोंबतोय, हे यांनी चहा यायच्या आत सांगून टाकलं. तरी लग्न झालं. माझे वडील किती सोशिक होते ते यावरून कळेल.

पुढे यांचा उजवा हात थरथरायला लागला. कापड कापताना कात्री वाकडी जायला लागली तशी यांनी दुकान बंद केलं, मशीन घरी आणून त्यावर चादर टाकली आणि खिडकीशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच. बोलणं नाही, हसणं नाही. कुणी भेटायला आलं की हात खिशात. मी आपली भिंतीशी बडबड करायची. खरं सांगते, मला धास्तीच बसली होती, की हा माणूस आता त्या खुर्चीतून उठत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालवा त्यांना, भरपूर चालवा." लेकीनं ते मनावर घेतलं. "बाबा, ती डोंगरवाट चालायची राहिलीच ना तुमची?" डोंगरवाट म्हणजे कड्याकड्यानं जाणारी लांबलचक पायवाट, पुरती चालायला महिना सहज जातो. लग्नापासून आम्ही "जाऊ या एकदा" म्हणत होतो आणि दर वेळी कुणाचा तरी कोट आडवा येत होता. यांनी खिडकीतून मान वळवली. "आधी पुस्तक बघायला हवं. आणि नकाशे." मला इतका आनंद झाला की चहात साखर दोनदा पडली.

पण तो आनंद काही टिकला नाही. चौकात प्रवासाच्या पुस्तकांचं दुकान आहे. तिथल्या बाई ओळखीच्या, त्या पुस्तकं घरी नेऊन बघू द्यायच्या. हे रोज एक आणायचे आणि दुसऱ्या दिवशी परत. एक पुस्तक फौजेतल्या माणसानं लिहिलेलं. "तास मोजून चालवतो गं. तास त्याचे, पाय माझे!" दुसऱ्याची बांधणी यांनी ओढून बघितली, तर पानं सुटी झाली. तिसरं वाटेच्या पलीकडच्या टोकापासून लिहिलेलं, म्हणजे त्यातलं प्रत्येक डावं आपलं उजवं. नकाशांचंही तेच. एका लांबट पट्टीच्या नकाशात नुसती वाटच काढलेली, आजूबाजूला काही नाही. "वाट चुकलो तर नकाशाच्या बाहेर पडू," हे म्हणाले. मोठे नकाशे मात्र छान होते, चढउतार, ओढे, गावं, सगळं दाखवणारे. पण ते उलगडले की पलंग झाकला जाई.

शेवटी बाईंनीच एक पुस्तक पुढे केलं. कुणा मुलीनं आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन ती वाट चालून लिहिलेलं. कुठे बसायला सपाट दगड आहे, कुठे पाणी आहे, सगळं नमूद. मला ते एका पानात आवडलं. हे म्हणाले, "विचार करू."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अहो मास्तर, चालायचंय की जन्मभर नुसती मापंच घ्यायची आहेत? नसेल जायचं तर तसं सांगा, मी भरून ठेवलेली पिशवी रिकामी करते!"

यांनी खिशातला हात काढून माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता.

"मोठा नकाशा वाऱ्यात दोन्ही हातांनी धरावा लागतो. मला नाही धरता येणार. वाटेत चार माणसं भेटणार, बघणार. लाज वाटते गं मला."

इतके दिवस मी यांच्या चिकित्सेच्या नावानं बोटं मोडत होते! पण रडले असते तर हे पुन्हा खुर्चीत गेले असते. म्हणून म्हटलं, "मग धरावाच लागणार नाही असा शिवा की. कोटाचे म्हणवता ना?"

मशीनवरची चादर त्याच संध्याकाळी निघाली. मोठे नकाशे विकत आणून यांनी त्यांचे तुकडे केले, ते अस्तराच्या कापडावर बसवले, तुकड्याला तुकडा जोडला, वर पारदर्शक प्लास्टिक. टीप कुठे कुठे वाकडी गेली. शिव्या घातल्या, उसवली, पुन्हा घातली. त्या दिवसापुरता भाग बाहेर येईल अशा घड्या पाडल्या आणि सगळं प्रकरण बटणांनी माझ्या पाठपिशवीला लावलं. मी पुढे चालायचं, यांनी मागून वाचायचं! म्हाताऱ्या आईचं पुस्तक माझ्या हातात.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. मागून हुकूम यायचे, "डावीकडे. सरळ. अगं, वाकू नकोस, गाव दुमडलं!" मी हसून बेजार व्हायची.

मग एका दुपारी धुकं उतरलं. समोर ओढा, पलीकडे वाटेला दोन फाटे. पुस्तकात लिहिलेलं, ओढा ओलांडला की जवळच दगडी निवारा, चुकवू नका, पुढे कड्यापर्यंत आडोसा नाही. यांच्या नकाशात ना ओढा, ना फाटा, ना निवारा. माझे पाय भरून आलेले. "परत फिरू या," मी म्हटलं. आणि मनात आलं, हे आता परत फिरले की कायमचे फिरले.

"थांब," हे म्हणाले. "हलू नकोस." मग कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "अगं, शिवणीत गेला ओढा!"

दोन तुकडे जोडायचे तर दोन्हीकडून बोटभर पट्टी शिवणीत दुमडायची, ही यांची जन्माची सवय. कोटाला ते बरं असतं. इथे त्या पट्टीत ओढा, फाटे, निवारा, सगळं गडप झालं होतं. यांनी खिशातून छोटी कात्री काढली आणि माझ्या पाठीवर टीप उसवायला लागले. हाताची थरथर मला पिशवीतून कळत होती. मी पाय रोवून उभी राहिले.

"उजवा फाटा," हे शेवटी म्हणाले. "निवारा टेकाडामागेच आहे."

होताच. आत चार अनोळखी माणसं शेकोटीशी बसलेली. माझ्या पाठीवरचा नकाशा बघून त्यांना कोण कौतुक! त्यातल्या एका धिप्पाड गड्याच्या पिशवीचा पट्टा तुटला होता. त्यानं विचारलं, "काका, हा शिवून द्याल का?"

हे माझ्याकडे न बघता त्याच्या शेजारी जाऊन बसले, सुई काढली आणि थरथरता हात सगळ्यांच्या देखत उजेडात धरला.

"हात कापतो माझा. वेळ लागेल."

"लागू द्या," तो म्हणाला.

मी दोरा ओवून द्यायला उठले, तर हे म्हणाले, "तू बस गं. दमलीयेस." मग त्या गड्याच्या खांद्यांकडे बघून म्हणाले, "तुमचा डावा खांदा उतरलाय, पट्टा तिकडून आखूड करू."