चौदावा कप

हजेरीकाकूंचं खरं नाव विभागात कोणी घेत नसे. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची हजेरी त्या सव्वीस वर्षं सांभाळत होत्या. दर गुरुवारी दुपारी आमचा शिकवण्याचा सराव असे. एकाने वीस मिनिटं शिकवायचं आणि बाकीच्यांनी त्याची पिसं काढायची. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नोंदणी रद्द. काकू दाराशी पत्रक ठेवत आणि मधल्या सुट्टीत जितक्या सह्या तितकेच कप चहा मांडत. "माणूस थापा मारतो, कागद मारत नाही," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. मला हसू यायचं, कारण कागदाला थापा मारायला आम्हीच शिकवलं होतं.

त्या बाबतीत आम्ही सगळे एका माळेचे मणी. कोणाचा प्रयोग अडकला, कोणाचं मूल आजारी पडलं, तर दुसऱ्याने त्याची सही ठोकायची आणि चकार शब्द काढायचा नाही. कुठे होतास, हे विचारणंसुद्धा आगाऊपणाचं. आमच्यात एक होता, त्याला आम्ही मौनी म्हणायचो. तो असला काय नि नसला काय, पटकन कळत नसे. एका गुरुवारी तो दिसला नाही, म्हणून मी त्याची सही केली. पुढच्या गुरुवारी माझ्याआधीच कोणीतरी केलेली होती. म्हटलं, बरं झालं, कोणाला तरी भेटला असेल.

चौदा कप मांडले जात, तेरा रिकामे होत. चौदाव्यावर साय धरायची. काकू तो खिडकीतल्या कुंडीत ओतत आणि पुटपुटत, "काय बाई एकेकाचे नखरे!"

नेमका तेव्हाच ऑफिसातला फोन वाजे. मौनीची आई. प्रबंध पुरा होईपर्यंत माझा फोन बंद राहील, असं तो घरी सांगून आला होता, म्हणून ती माउली काकूंना विचारायची. काकू पत्रक बघून सांगत, "आहे हो ताई. सही केलीय त्याने. अगदी निर्धास्त राहा."

असे अकरा गुरुवार गेले. बाराव्याला शिकवायची पाळी मौनीची होती, यादीत तो शेवटचा. सर म्हणाले, "चला, या." कोणी उठलं नाही. पत्रकावर सही होती.

"शेवटचं कोणी पाहिलं त्याला?" काकूंनी दारातून विचारलं. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. बोटं फिरत फिरत माझ्यापाशी येऊन थांबली, आणि पाहिलं तर मीही नव्हतं.

फोन वाजला. काकूंनी पत्रकाकडे पाहिलं, मग साय धरलेल्या कपाकडे. "तो नाही हो ताई," त्या म्हणाल्या. "केव्हापासून ते मला माहीत नाही. तुम्ही या."

त्याची खोली उघडली तेव्हा अंथरुणाची घडी घातलेली होती, चपला दाराशी होत्या आणि टेबलावर बोटभर धूळ. पोलिसांनी विचारलं, "कधीपासून बेपत्ता?" कागद म्हणत होता, आज दुपारपर्यंत हजर.

पोलिसांकडच्या खेपा आटोपून पुढच्या गुरुवारी मौनीच्या आई विभागात आल्या. त्या दिवशी आम्ही तेरा जणांनी काकूंच्या डोळ्यांदेखत आपापलीच सही केली. काकूंनी सह्या दोनदा मोजून पत्रक खणात ठेवलं आणि किल्ली कमरेला खोचली. मग जुनी बारा पत्रकं आईंपुढे ठेवून त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

आई एकेका सहीवर बोट ठेवत गेल्या. "ही त्याची नाही. ही नाही. ही पण नाही." माझी लाजेने मान वर होईना. शेवटी त्या म्हणाल्या, "आजचं दाखवा."

काकूंनी खण उघडला. पत्रकावर चौदा सह्या होत्या.

आईंचं बोट शेवटच्या सहीवर थांबलं. "ही त्याचीच," त्या म्हणाल्या. बोट उचललं तेव्हा त्याला शाई लागली होती.

काकूंनी चौदावा कप भरला.