आधी तुमच्या डोळ्यात

मी मुळातच संशयी बाई आहे. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मी स्वतः मोजते, नवऱ्याने मोजलेल्या धरत नाही. त्यामुळे शाळेतल्या मुलांचे डोळे तपासायला स्वयंसेवक हवेत असं कळलं, तेव्हा घरच्यांनीच मला पुढे ढकललं. "जा, तिथे तरी तुझ्या या गुणाचं चीज होईल," नवरा म्हणाला. बोईसरच्या आमच्या कॉलनीतल्या चौघीजणी पालघरला दोन दिवस शिकून आलो आणि तिसऱ्या दिवसापासून मी दिसेल त्या मुलावर संशय घ्यायला लागले.

काम सोपं होतं. भिंतीवर तक्ता टांगायचा, सुतळीने अंतर मोजून मुलाला उभं करायचं, एक डोळा झाकायला लावायचा. तक्त्यावर सगळीकडे इंग्रजी ई. कुठे पाय वर, कुठे खाली, कुठे बाजूला. मुलाने फक्त दिशा सांगायची, आणि शेवटी आम्ही डोळ्यात बॅटरीचा उजेड टाकून बघायचं. पण मुलं बोटांच्या फटीतून बघतात, आणि रांगेतली मागची पुढच्याचं ऐकून ठेवतात. एकदा तर अख्खी तिसरी मी "वर, खाली, खाली, डावीकडे" असं पाढ्यासारखं म्हणताना पकडली. त्या दिवसापासून मी मध्येच तक्ता उलटा करते. माझ्या बरोबरीच्या बायका मला फौजदार म्हणायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावात सहावीतली एक मुलगी माझ्यासमोर आली. वर्गाच्या बाई आधीच माझ्या कानाशी लागून गेल्या होत्या. "हिला वाचन नको असतं. तीन ओळी झाल्या की डोकं धरून बसते. नाटकं नुसती."

मुलीने शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा धडाधड सांगितली. मी तक्ता उलटा केला. बरोबर. दोन पावलं मागे सरकवली. तरी बरोबर.

"एवढं दिसतं, तर वाचत का नाहीस गं?"

"पुस्तकातली अक्षरं हलतात."

"आणि ही नाही हलत?"

"ही लांब हायत ना."

पक्की आहे, मी मनात म्हटलं. कागदावर 'नजर उत्तम' असं लिहून तिला वर्गात पिटाळली.

दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेले वर्ग तपासत होतो, तर तिची आजी दारात उभी.

"कोन ती बत्तीवाली? कालपास्नं पोरीचं डोकं जास्तीच दुखतं हाय. डोळ्यात काय टाकला?"

"काही नाही टाकलं आजी. नुसता उजेड दाखवला."

"नुसता उजेड दाखवायला बोईसरवरून कोन येतो, बाय? मागं काय तरी असल."

हा प्रश्न मी तिच्या जागी असते तर मीही विचारला असता. मी उलटतपासणी सुरू केली. डोकं कधी दुखतं? रोज सांजचं, अभ्यासाला बसली की. मग आजी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची. रविवारी? नाय. मे महिन्यात? "महिनाभर माझ्यासंगं बोंबील सुकवत होती. एकदा पन नाय दुखलं. म्हनून ठरवलंय, दिवाळीनंतर शाळा बंद. तिच्या नशिबात पुस्तक नाय. येल माझ्यासंगं मच्छी सुकवायला."

मुलगी आजीच्या पदराआड उभी होती.

मागोमाग आलेल्या वर्गाच्या बाईंनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं: बघा, पुस्तक काढलं की दुखतं! मी मान डोलावणारच होते. पण तेवढ्यात सही करायला मी पर्समध्ये जवळचा चष्मा चाचपडत होते, आणि हात पर्समध्येच थांबला. चष्म्याशिवाय पानभर वाचलं, तर माझंही कपाळ ठणकतं. पण ते वयामुळे. अकरा वर्षांच्या पोरीला कसं असेल?

तरी मी तो चष्मा तिच्या नाकावर ठेवला. तो घसरत होता, म्हणून मीच धरून उभी राहिले. पुस्तक तिच्या हातात दिलं. ती अडखळत वाचू लागली. तीन ओळी झाल्या, चार झाल्या, सहा झाल्या. डोक्याला हात गेला नाही.

"हलत नाय," ती म्हणाली.

लांबचं चांगलं दिसत असलं, तरी वाचताना डोकं दुखत असेल तर डॉक्टरकडे पाठवा, असं आम्हाला पालघरला शिकवलं होतं. माझ्या वहीत ते माझ्याच अक्षरात आहे, खाली दोन रेघा मारून. पण मी लबाड पोरं पकडण्यात इतकी दंग, की वही उघडायला फुरसत कुणाला! मी 'नजर उत्तम' खोडलं आणि आजीला म्हटलं, पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल. तिथे थेंब टाकून नीट तपासतात.

"बघा, आले ना थेंब!" आजी बाईंकडे वळून म्हणाली. मग तिने मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "येतो आमी. पन आधी तुमच्या डोळ्यात टाकायचं. माझ्यासमोर."

पालघरला आजीची अट ऐकून डॉक्टर हसले. माझेही डोळे बरीच वर्षं कुणी बघितले नव्हते, म्हणून मीही तयार झाले. थेंब पडले. आजी समोर स्टूल ओढून बसली, दर थोड्या वेळाने बोटं नाचवून "किती?" विचारायची. अर्ध्या तासात मी आंधळीही झाले नाही आणि मेलेही नाही, तेव्हा तिने नातीचा दंड सोडला.

मुलीला प्लसचा नंबर निघाला. जवळची अक्षरं धरून ठेवायला तिला डोळे सतत ताणावे लागत होते. चष्मा आठवड्याने मिळणार होता.

परतताना एसटी स्टँडवर वेगळीच गंमत. थेंबांमुळे मला गाडीची पाटी धूसर, मुलीलाही धूसर. आजीला पाटी लख्ख दिसत होती, पण वाचता येत नव्हती. शेवटी गावच्या बायका टोपल्या घेऊन ज्या गाडीत चढल्या, त्या गाडीत आजीने आम्हा दोघींना मनगटाला धरून चढवलं.

"आजी, दिवाळीनंतरचं काय?" मी विचारलं.

"चष्मा येऊ दे."

"आणि वाचायला लागली तर?"

"मग कशाला मच्छीत बसवू? मी काय तिची वैरीन हाय?" तिने नातीला खिडकीशी सरकवलं. "पन मी रोज बघनार. परत डोकं दुखलं ना, तर तुमाला शोधत बोईसरला येन. कुठं ऱ्हाता?"

मी पत्ता सांगितला. लिहून घेणं तिघींपैकी कुणालाच शक्य नव्हतं. आजीने तो माझ्याकडून तीनदा वदवून घेतला, तिन्ही वेळा तोच येतो का ते बघायला.