मी दार सोडलं नाही

तुमसर तालुक्यातल्या खाणपट्ट्यात रस्त्याला लागून आमचं पत्र्याचं ख्रिस्ती प्रार्थनागृह आहे. मंडळी लहान, रविवारी चौदा-पंधरा माणसं जमली तरी पुष्कळ. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी उपासना मी चालवते, कारण तीन वर्षांपूर्वी मंडळीनं मला वडील, म्हणजे मंडळीची कारभारी, म्हणून निवडलं. बाईमाणूस ‘वडील’ कशी, यावर तेव्हा थोडं हसू झालं, थोडी कुरकुरही झाली. पण उपकेंद्रात मी तीस वर्षं नर्स होते. आसपासची कितीतरी बाळंतपणं माझ्या हातची. कुरकुर फार टिकली नाही.

त्या रविवारी पहिलं गीत संपत आलं तरी ढोलकी आली नव्हती. ढोलकी वाजवणारे मंडळीतले एक गृहस्थ खाणीत कामाला, निवृत्तीला टेकलेले. सायकलच्या कॅरिअरला ढोलकी बांधून यायचे. त्यांचा धाकटा भाऊही खाणीतलाच. तो पुढच्या सतरंजीवर बसला होता. आम्ही टाळ्यांवर गात होतो. एवढ्यात रस्त्याच्या वळणाकडून ब्रेकचा आवाज आला, मग काहीतरी घासत गेल्याचा, आणि मग ओरडा.

मी पुस्तक खाली ठेवते न ठेवते तोच एक माणूस धावत आत आला. तिशीचा असेल. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा.

‘माताजी, बचा लो. ये लोग मार डालेंगे मुझे.’

बाहेर कुणीतरी ओरडत होतं, ‘पकडा त्याले! ट्रकवाला तिकडं पळाला!’

विचार करून काही केलं असं मी म्हणणार नाही. हात गेला, दार लोटलं, कडी लागली. तो कोपऱ्यात टेबलाआड जाऊन बसला. मी माठातलं पाणी पेल्यात घेऊन त्याला दिलं.

तेवढ्यात धाकट्याचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. ‘तुह्या भावाले ट्रकनं उडवलं. पाय गेला रे त्याचा.’

धाकटा उठला. आधी त्यानं दाराकडं पाहिलं, मग कोपऱ्याकडं. अंगानं तो दांडगा माणूस. दोन पावलांत टेबलापाशी पोचला. मी मध्ये उभी राहिले.

‘बाई, सरका.’

‘नाही सरकत.’

‘तुमचा भाऊ असता तर? तर काय केलं असतं?’

मी म्हटलं, ‘तुझा भाऊ रस्त्यावर पडून आहे. तू याच्याकडं जातो का त्याच्याकडं?’

मग त्यानं टेबलाला एक लाथ मारली आणि दाराकडं वळला.

मी कडी काढली आणि तो निघेल एवढंच दार उघडून उंबऱ्यावर उभी राहिले. समोर तीस-चाळीस माणसं होती. बरेच चेहरे ओळखीचे. दोघा-तिघांची तर नाळ मी कापलेली.

‘बाई, आत आहे का तो?’

‘इथं कोणी नाही. उपासना चालू आहे.’

प्रार्थनागृहाच्या दारात उभी राहून, मंडळीची वडील असून, मी खोटं बोलले. आवाजही कापला नाही.

‘आम्ही पाह्यलं न त्याले इकडं पळतानी,’ एकजण म्हणाला. मग त्यानं धाकट्याला धरलं. ‘तू सांग. तुह्याच भावाले मारलं त्यानं. आत आहे का?’

धाकट्यानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं होय म्हटलं असतं तर मी काय करणार होते, मला माहीत नाही.

‘नाही,’ तो म्हणाला. ‘काहून वेळ घालवून राहिले? गाडी पाहा. तुमसरले न्या लागते त्याले.’

अर्धी माणसं त्याच्यामागे पळाली. बाकीची हलली नाहीत. पत्र्यावर एक दगड आला, मग दुसरा. आतून मंडळीतल्या अंगणवाडी सेविकेनं पोलिसांना फोन केला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘बाई, तुम्ही ढोलकीवाल्या भाऊकडं जा. रगत थांबवणं तुमालेच येते. दारात मी उभी राहतो.’

‘तुझं कोणी ऐकणार नाही,’ मी म्हटलं. ‘मीच थांबते.’

पोलिसांची जीप यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी दार सोडलं नाही. आत बायका गात होत्या, पण शब्द नुसते ओठांवर. शेवटी दोन शिपायांच्या मध्ये ड्रायव्हरला बाहेर काढलं तेव्हा एकानं त्याला चप्पल फेकून मारली आणि लोक माझ्याकडं पाहू लागले. कुणी शिवी दिली नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, ‘बाई, तुमीबी?’

ढोलकीवाल्यांना तोवर गावातल्या एका जीपमधून तुमसरला नेलं होतं. तिथून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर. जीव वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी मी नागपूरला गेले. त्यांची बायको वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. मी शेजारी बसले, तशी ती थोडी सरकली.

‘तुम्ही त्याले पाणी पाजलं म्हणे,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘माह्या माणसाले कोणी पाजलं? शंभर पावलांवर होता तो. अख्ख्या गावात पट्टी बांधता येणारी बाई एकच, अन् ती दार धरून उभी!’

मी उठून आत गेले. वेळेवर घट्ट बांधलं असतं तर पाय वाचला असता का, हे मी डॉक्टरांना विचारलं. हाडाचा चुरा झाला होता, पाय वाचणं कठीणच होतं, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं मी घट्ट धरून ठेवलं आहे. तरी ते हातातून सुटतं.

पाळक आले तेव्हा मी मंडळीपुढं उभी राहून दोन्ही गोष्टी सांगितल्या. खोटं बोलले, आणि जखमीकडं गेले नाही. खोट्याचं मला तितकंसं वाटत नाही, हेही सांगितलं. एका माणसाचा जीव वाचला. दुसरी गोष्ट मात्र सलते. त्या दारात सेविका उभी राहू शकली असती. आपल्यावाचून चालणार नाही हे मी इतक्या पटकन कसं ठरवलं? त्याला मी जबाबदारी म्हणत होते. वडीलपण सोडते म्हटलं. पाळक म्हणाले, ‘सोडून कुठं जाल? ढोलकीवाल्यांच्या घरी जा.’ दोन कुटुंबं तेव्हापासून येत नाहीत. धाकटाही बरेच दिवस आला नाही.

ढोलकीवाले घरी आल्यावर मी रोज सकाळी ड्रेसिंगला जाऊ लागले. त्यांची बायको गरम पाणी ठेवायची आणि आत निघून जायची. एकदा अंगणात धाकटा भेटला. मी विचारलंच, ‘त्या दिवशी तो आत नाही, असं तू का सांगितलंस?’

‘ते तुमच्यासाठी नव्हतं,’ तो म्हणाला. ‘दार उघडलं असतं तर पहिला मीच घुसलो असतो. मले मालूम होतं.’ आणि सायकल घेऊन कामावर गेला.

ढोलकीवाले सुरुवातीला माझ्याशी बोलत नसत. जखम उघडी केली की भिंतीकडं पाहत. एका सकाळी मी सवयीनं डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली, तर त्यांनी माझा हात धरून थांबवलं.

‘बाई, मले राग आहे. त्या ड्रायव्हरचा आहे, अन् तुमचाबी आहे. तुमच्या प्रार्थनेले मले आमेन म्हणता येत नाही.’

‘मग नाही करत.’

‘करा लागते न. तुम्ही पट्टी करा. प्रार्थना मी करतो.’

मी कापूस भिजवला आणि कामाला लागले. त्यांनी डोळे मिटले. मग पायाचं नाव घेतलं, बायकोचं घेतलं, भावाचं घेतलं. माझं घेतलं नाही. त्यांची बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. मी पट्टीचे वेढे देत राहिले, कारण जखम अजून ओली होती.